साठाच्या वर एक

३ नोव्हेंबर

ति. मामा यास,

शिरसाष्टांग नमस्कार या खेपेला शिल्लक ठेवला आहे. वागणूक सुधारलीस तर पाठवीन.

पत्र पाहून दचकू नकोस. काल संध्याकाळी आम्ही शर्यतीच्या निकालावर अपील टाकलं, आणि अपील चालू असताना अधिकारी आणि ड्रायव्हर यांनी एकमेकांशी बोलायचं नाही असा नियम आहे. लिहायचं नाही असं कुठेच म्हटलेलं नाही. मी पुस्तक दोनदा वाचलं. तेच नियमपुस्तक, जे बाराव्या वाढदिवसाला तू मला कागदात गुंडाळून दिलं होतंस. इतर मुलींचे मामा सायकल देतात.

तर आता ऐक. काल मी पहिली होते. पहिली, मामा! मागचा माझ्यापासून अकरा सेकंद लांब. पाऊस आला, सगळे टायर बदलायला पिट लेनमध्ये शिरले, तशी मीही शिरले. बाबांनी आणि त्यांच्या माणसांनी वीस सेकंदांत चारही चाकं बदलली, मी निघाले, आणि बाहेर पडायच्या तोंडाशी स्टुलावर रेनकोट घालून, वेग मोजायची ती बंदूक माझ्यावर रोखून कोण बसलेलं? माझ्या आईचा सख्खा भाऊ. पिट लेनमध्ये मर्यादा साठची. तुझ्या बंदुकीत आकडा एकसष्ट. आणि तू झेंडा वर केलास. अरे, निदान शिंक तरी यायची होती तुला त्या वेळी!

शिक्षा काय, तर परत एकदा पिट लेनमधून साठाने फेरी मारा. बाकीचे दोनशेने पळतायत आणि मी तुझ्यासमोरून रमतगमत चालले आहे. तू मान वर करून पाहिलंही नाहीस. पहिली होते ती पाचवी आले.

मोठ्या संघाचा मॅनेजर स्टँडमध्ये बसला होता. त्याच्याकडे पुढच्या वर्षासाठी एक सीट रिकामी आहे. शनिवारी मला म्हणाला होता, ही शर्यत जिंक आणि सोमवारी सही करायला ये. आज सोमवार आहे. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तुला पत्र लिहिते आहे.

अपिलात आम्ही म्हटलंय की तुझी बंदूक खोटी बोलते. ते मान्य झालं की पहिला नंबर परत मिळेल आणि सीटही. आईने तुझा रविवारचा डबा बंद केला आहे. निकाल लागेपर्यंत का, असं मी विचारलं. ती म्हणाली, जन्मभर.

तुझी (यात माझा काही दोष नाही)
भाची


६ नोव्हेंबर

चि. भिंगरी,

अनेक आशीर्वाद. मी काही शिल्लक ठेवत नाही.

पत्र मिळालं. शुद्धलेखनाच्या तीन चुका आहेत, पण नियम बरोबर वाचला आहेस, त्यामुळे माफ. सायकलीचं म्हणशील तर तू बारा वर्षांची असताना तुझ्याकडे आधीच दोन होत्या आणि दोन्हींचे ब्रेक तू काढून टाकले होतेस. तुला पुस्तकाचीच गरज होती.

एका किलोमीटरने काय असं आभाळ कोसळतं, असं तू स्पष्ट लिहिलेलं नाहीस, पण प्रत्येक ओळीत तेच ओरडते आहेस. म्हणून तुला माझ्या बोटांची गोष्ट परत सांगतो. शंभरदा ऐकली आहेस, माहीत आहे. मला ती आवडते.

मी तेव्हा चाकं बदलायचो. पिट लेनला मर्यादा नव्हती, ज्याला जसं वाटेल तसा तो शिरायचा. एका रविवारी मी एका गुडघ्यावर बसलेला, हातात पाना, डावा पाय मागे पसरलेला, आणि एक उत्साही तरुण ड्रायव्हर नव्वदने आत आला. माझ्या डाव्या पायाची दोन बोटं गेली. तो तरुण दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात माझी माफी मागायला आला. खाटेशेजारी माझी धाकटी बहीण बसली होती. त्यानंतर तो सोळा दिवस रोज आला आणि माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. तेच तुझे बाबा. त्यांनी शर्यत सोडली आणि हातात पाना घेतला, मी पाना सोडला आणि हातात बंदूक घेतली.

त्या दिवशी साठची मर्यादा असती तर मला दहा बोटं असती आणि तू नसतीस. तरीही मी मर्यादेच्या बाजूचा आहे. यावर विचार कर.

बंदूक रविवारी सकाळी तपासून घेतली होती. ती खोटं बोलत नाही. आता अपिलाचं पान उघड. मशीनवर केलेला आरोप खोटा ठरला तर ड्रायव्हरचं लायसन्स वर्षभर जप्त. सुनावणी २५ला आहे. मागे घ्यायचं असेल तर २४ला संध्याकाळी पाचच्या आत, सही केलेला मूळ कागद ऑफिसात पोचला पाहिजे. फोटो चालत नाही, मेल चालत नाही. हे कलम मीच सुचवलं होतं. तेव्हा फार अक्कल चालवल्यासारखं वाटलं होतं.

डब्याबद्दल वाईट वाटलं. रविवारी ब्रेड खाल्ला.

मामा


९ नोव्हेंबर

मामा,

ब्रेडचं ऐकून मला जराही दया आलेली नाही. आईला मात्र सांगू नकोस, तिला येईल.

आता तुला तुझ्याच कागदाने पाणी पाजते. अपिलाबरोबर आम्हाला तुझ्या नोंदींची प्रत मिळाली. तुझ्याच सुबक अक्षरात आहे: माझी गाडी आत येताना साठ, बाहेर जाताना एकसष्ट. मधे वीस सेकंद. आमच्या स्टिअरिंगवर एक बटण असतं हे तुला ठाऊक आहे. पिट लेनच्या रेषेवर ते दाबलं की मग पायाखाली पेडल मोडेपर्यंत दाबा, गाडी साठाच्या वर जात नाही. मी ते आतल्या रेषेवर दाबलं आणि बाहेरच्या रेषेवर सोडलं. मधे हात लावला नाही. गाडी तीच, बटण तेच, बाई तीच, आणि आकडे दोन! मग बदललं काय? तुझी बंदूक. भिजली आणि डोकं फिरलं तिचं.

मी हे जेवताना बाबांना वाचून दाखवलं. ते आधी म्हणाले, बंदूक भिजलीच असणार. मग ताटावरून उठले आणि गॅरेजमध्ये गेले ते परत आलेच नाहीत. बघ, त्यांचंही मन किती उडालंय तुझ्या वागण्याने.

मॅनेजरने निकालापर्यंत सीट थांबवून ठेवली आहे. मी लायसन्सचं पान वाचलं. घाबरले नाही. माझी बाजू खरी आहे.

भाची


१२ नोव्हेंबर

चि. भिंगरी,

मी या प्रकरणात साक्षीदार आहे, म्हणून एकच प्रश्न विचारतो आणि थांबतो. त्या वीस सेकंदांत गाडीत काय बदललं?

शांतपणे विचार कर. चिडून नको.

मामा


१४ नोव्हेंबर

मामा,

चिडून विचार करू नको म्हणालास म्हणून मी पूर्ण एक दिवस थांबले. आज जास्त चिडले आहे.

गाडीत काय बदललं! म्हणजे काय ते कळतं मला. मी बटण लवकर सोडलं असं म्हणायचंय ना तुला? सरळ म्हण की! मी लबाडी केली असं वाटत असेल तर तसं लिहून पाठव, असे आडून आडून बाण कशाला मारतोस? मी लहान असताना कपबशा फोडून मांजराचं नाव घ्यायचे, हे तुला आठवत असेल, पण गाडीत मी कधी खोटेपणा केलेला नाही. एकदाही नाही. तुला हे माहीत नसेल तर कुणाला असणार?

सोबत तुझं नियमपुस्तक परत पाठवते आहे. २५ला सुनावणीत भेटू. नमस्कार शिल्लक ठेवला होता, तो रद्द समज.


१७ नोव्हेंबर

मेहुण्या,

तुला पत्र लिहायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. लग्नाआधी तुझ्या बहिणीला चार लिहिली होती, त्यानंतर हे पहिलं.

तू ओळखलं आहेस. पोरीने तुझा तो एका ओळीचा प्रश्न मला वाचून दाखवला, तणतणत. ती तणतणत होती आणि मी गॅरेजच्या दारावरचा खडूचा आकडा बघत होतो.

माझी पद्धत तुला माहीत आहे. शर्यतीच्या आदल्या दिवशी मी प्रत्येक टायरभोवती शिंप्याची टेप गुंडाळतो, घेर मोजतो आणि गॅरेजच्या दारावर खडूने लिहितो. लोक हसतात, हसू देत. ते बटण वेग मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतं. पावसाच्या टायरचा घेर मोठा. तेवढेच फेरे मारले तरी गाडी जास्त लांब जाते. म्हणून बटण कायम पावसाच्या टायरच्या घेरावर लावून ठेवायचं, मग कुठलाही टायर चढवा, साठाच्या वर जायचं नाही. वीस वर्षं हेच करतोय.

त्या शनिवारी आकाश निळंशार होतं. कोरडा संच मोजून झाला तोच तुझ्या बहिणीने टेप शिवणाला नेली. पावसाचा संच मोजायचा राहिला होता, आणि मी म्हटलं, मरू दे, उद्या कुठला पाऊस. बटण कोरड्या टायरवर लावलं आणि चहा प्यायला गेलो. बस, एवढंच. त्या दिवशी ताटावरून उठून जाऊन मोजलं. कोरडा एकशे ऐंशी सेंटिमीटर, पावसाचा एकशे त्र्याऐंशी. तीन सेंटिमीटर, मेहुण्या. त्यात पोरीची सीट गेली.

आता तिला सांगू कसं? तिचा माझ्यावर विश्वास आहे. दुसऱ्या कुणाला ती गाडीचं झाकणसुद्धा उघडू देत नाही. एक कर. सुनावणीत एवढंच म्हण की बंदुकीत पाणी शिरलं असावं. पाऊस होताच, कुणी शंका घेणार नाही. तुला फार तर ताकीद मिळेल. तीस वर्षांत तू त्या बोटांवरून मला एक शब्द बोलला नाहीस. हेही तसंच पोटात घाल.

तुझा
भाऊजी


१८ नोव्हेंबर

ती. भाऊजींस,

स. न. वि. वि.

बोटांवरून मी बोललो नाही, कारण बोटं माझी होती. लायसन्स तिचं आहे.

तुमचं पत्र वाचून मी काय केलं ते सांगतो. कपाटातून बंदूक काढली आणि मोरीत घेऊन गेलो. बादली भरलेली होती. एकदा बुडवली की काम झालं असतं. खोटं कशाला बोलू, दहा मिनिटं मी तिथे उभा होतो. पोरगी त्या मोठ्या गाडीत बसलेली दिसायला लागली मला. मग बंदूक परत कपाटात ठेवली आणि बादलीतल्या पाण्याने फरशी पुसली. मी आज एकदा बंदूक भिजवली तर उद्या जो कुणी नव्वदने आत येईल त्याला मी काय दाखवणार? चाक बदलायला तिथे कुणीतरी एका गुडघ्यावर बसलेलं असणारच.

बंदूक तपासणीला जाणार, तिथे ती बरोबर ठरणार, आणि पोरीचं एक वर्ष जाणार. सीट गेलीच आहे, भाऊजी. आता लायसन्स तरी वाचवू.

मी तिला सांगू शकत नाही असं नाही. नियम मोडून सांगितलं असतं. पण माझ्याकडून कळलं तर ती तुम्हाला परत गाडीला हात लावू देणार नाही. तुमच्या तोंडून कळलं तर चार दिवस भांडी आपटेल आणि पाचव्या दिवशी तुम्हालाच हाक मारेल. तिला मी ओळखतो, तिची आई माझी बहीण आहे.

२४ला पाच वाजेपर्यंत वेळ आहे. मला पत्र लिहिण्यात ती घालवू नका.

आपला


२६ नोव्हेंबर

ति. मामा यास,

शिरसाष्टांग नमस्कार. शिरसाष्टांग नमस्कार. शिरसाष्टांग नमस्कार. साचले होते ते एकदम.

काय झालं ते सगळं सांगते. थोडं तुला माहीत असणार, पण मला लिहायचंय.

सोमवारी चार वाजता मी गॅरेजमध्ये बसून सुनावणीचं भाषण पाठ करत होते. त्यात तुझा उल्लेख "सदर इसम" असा होता. बाबा आत आले, पावसाचा टायर आडवा ठेवला, त्याभोवती टेप गुंडाळली, आकड्यावर अंगठा दाबला आणि म्हणाले, वाच. मी वाचलं. एकशे त्र्याऐंशी. मग दारावरचा खडूचा आकडा दाखवला. एकशे ऐंशी. खाली दुसरा आकडा नव्हताच. मग सगळं बोलले. बोलताना माझ्याकडे बघत नव्हते.

मी खूप ओरडले, मामा. बाबांना बोलू नये ते बोलले. पाना फेकला, तो भिंतीला लागला. आणि मधेच तुझा प्रश्न आठवला. त्या वीस सेकंदांत काय बदललं. अरे, टायर बदलले! चार टायर! तू मला समोर आणून ठेवलं होतंस आणि मी तुला मांजराची गोष्ट ऐकवत बसले. माझं चुकलं. तुझी बंदूक खरं बोलत होती आणि तूही.

अपील मागे घेतल्याचा कागद बॉनेटवर ठेवून मी त्यावर सही केली तेव्हा चार वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. मी निघाले, तर बाबा म्हणाले, चूक माझी, मी पोचवणार. पाकीट घेऊन पळाले. आणि त्यांची गाडी सुरूच होईना. दिवसभर लोकांच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या या माणसाच्या गाडीची बॅटरी महिनाभर मेलेली आहे! ते तसेच पायी पळत गल्लीच्या टोकाला गेले. घामाघूम होऊन परत आले आणि म्हणाले, पोचेल. कसं, ते सांगेनात.

काल ऑफिसात चौकशी केली. कारकून म्हणाला, एक लंगडणारे गृहस्थ हेल्मेट घालूनच आत आले, एक अक्षर बोलले नाहीत, पाकीट टेबलावर ठेवलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं आणि वेळेचा शिक्का मारून घेतला. चार छप्पन्न. म्हणजे लायसन्स वाचलं.

सीट गेली. मॅनेजरने ती दुसऱ्याला दिली आणि फोनवर छान बोलला, त्याचा जास्त राग आला. दोन दिवस रडले. पुढचं वर्ष आपल्याच जुन्या गाडीवर. बाबांना काढलेलं नाही. त्यांना दोन नवीन टेप आणून दिल्या, एक आईसाठी, आणि आईच्या टेपला हात लावला तर मात्र काढीन असं सांगितलंय. डबा या रविवारपासून सुरू. पुस्तक परत पाठव, मला लागेल.

एकच विचारायचंय. तुझ्या घरापासून ते ऑफिस चौदा किलोमीटर आहे आणि वाटेत सहा सिग्नल. तुझ्या स्कूटरने आजवर पंचेचाळीस पाहिलेले नाहीत. तू पोचलास कसा?

तुझी
भिंगरी


२९ नोव्हेंबर

चि. भिंगरी,

अनेक आशीर्वाद. अपील संपलं, आता बोलायला हरकत नाही, पण हे मला समोरासमोर सांगता येणार नाही, म्हणून लिहितो.

त्या दिवशी भाऊजी दारात आले, धापा टाकत. मी बोललो नाही, नियम होता. त्यांनी पाकीट पुढे केलं, मी पाहिलं, घड्याळ पाहिलं, स्कूटर काढली. नवव्या किलोमीटरला एका वाहतूक हवालदाराने हात केला. त्याच्या हातात बंदूक. रस्त्याची मर्यादा पन्नास. आकडा एकसष्ट.

होय. हसून घे, मी थांबतो.

वाद घालायला वेळ नव्हता. लायसन्स काढून त्याच्या हातात दिलं, परत येताना पावती घेतो म्हणालो आणि निघालो. तो इतका चक्रावला की त्याने जाऊ दिलं. परत आलो तेव्हा त्याला म्हटलं, तुमचा हात थोडा तिरपा होता. बंदूक तिरपी धरली की आकडा कमी येतो, जास्त कधी येत नाही. म्हणजे मी त्रेसष्ट असणार, तसं लिहा. तो म्हणाला, काका, घरी जा.

एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. इतकी वर्षं मी त्या स्टुलावर बसून विचार करायचो की या लोकांना आपला वेग कळत कसा नाही. मला कळला नाही, भिंगरी. काटा दिसतच नव्हता. तुझं लायसन्स दिसत होतं. त्याने नियम चुकीचा ठरत नाही, उलट त्यासाठीच नियम लागतो. पण गाडीतल्या माणसावर मी पूर्वीइतका चिडणार नाही.

आता पुढचं. ज्या अधिकाऱ्याला रस्त्यावर वेगासाठी दंड होईल त्याने तीन शर्यती बंदूक हातात घ्यायची नाही, असा नियम आहे. एकोणीस वर्षांपूर्वी मीच लिहिला. सगळे अधिकारी हसले होते, आपल्यापैकी कोण कशाला पकडला जाईल म्हणून. मी कालच पावतीची प्रत जोडून स्वतःची तक्रार ऑफिसात दिली. तोच कारकून होता. त्याने मला हेल्मेटशिवायही ओळखलं.

तर पुढच्या वर्षी पहिल्या तीन शर्यतींना स्टुलावर दुसरं कुणीतरी असेल. हात सरळ असलेली बाई आहे, तिच्यापुढे अठ्ठावन्ननेच ये.

तू गाडी चालवायला लागलीस तेव्हापासून मी तुझ्यासाठी एकदाही टाळी वाजवलेली नाही. अधिकाऱ्याला चालत नाही. तू त्या पाचव्या नंबराच्या दिवशी माझ्यासमोरून साठाने गेलीस तेव्हा मी मान वर केली नाही, कारण वर केली असती तर तुला दिसलं असतं की मी रडतोय. आता तीन शर्यती मी अधिकारी नाही. तीन शर्यती मी नुसता मामा. घसा बसेपर्यंत ओरडायचं ठरवलं आहे.

कुठे उभं राहायचं ते कळव. तुझे बाबा जिथे गाडी चालवत असतील तिथून जरा लांब बघ, माझी आठच बोटं उरली आहेत.

तुझा
मामा

सोबत: नियमपुस्तक आणि एकसष्टची पावती. पावती पुस्तकात ठेव. मी अपील केलेलं नाही.